चौथ्या दिवशी गरम वारा

धोंडू शिगवणाचा हात लागला की बंद पडलेला फ्रिज गार होतो, असं अख्ख्या रत्नागिरीत म्हणायचे. मीही म्हणायचो. आणि त्याच धोंडूला मी भर पेट्रोलपंपावर, दहा माणसांच्या देखत म्हटलं, "तुला एसीतलं ओ की ठो कळत नाही. दुकान बंद कर आणि घरी बस!" त्यानंतर त्याचं दुकान खरोखरच बंद व्हायची वेळ आली. त्याला कारण दोघं. एक मी, आणि दुसरी माझी शिंची जीप.

माझा राग असाच आहे. येतो, बोलतो आणि जातो. आनंदी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमचा राग जातो हो, पण ज्याला बोललात तो तिथेच उभा असतो." चाळीस वर्षं ती हे सांगते आहे आणि चाळीस वर्षं मी हो म्हणतो आहे.

जीप घेतली अठ्ठ्याण्णव साली. तेव्हाच ती चांगली दहा वर्षांची होती. धरणाच्या कामावरचा एक कंत्राटदार काम आटोपून निघाला होता, त्याच्याकडून घेतली. चारही चाकांना जोर, वर पत्र्याचं टप, आणि त्या गृहस्थाने हौसेने मागाहून बसवून घेतलेला एसी. मला जीप हवी होती पावसच्या आमच्या बागेसाठी. बागेपर्यंतची वाट सगळी जांभ्या दगडाची, साध्या गाडीचं तिथे काम नाही. एसी हवा होता आनंदीसाठी. तिला दमा. गोळपचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, ओलांडून रत्नागिरीत डॉक्टरकडे जायचं म्हणजे लाल धुळीचा लोट नुसता. काचा उघड्या ठेवल्या तर धूळ छातीत जाणार, बंद ठेवल्या तर एप्रिलच्या उन्हात माणूस उकडून निघणार. म्हणून एसी. चैन म्हणून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पावसमध्ये लोक मला 'गारेगार आप्पा' म्हणायला लागले होते.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये एसी पहिल्यांदा गरम वारा टाकायला लागला, तेव्हा मी गाडी धोंडूकडे नेली.

धोंडू मूळचा देवरूखच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या वाडीतला. अठराव्या वर्षी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात लागला आणि बारा वर्षं तिथल्या मोठ्या कॉम्प्रेसरशेजारी उभा राहिला. शाळा चौथीपर्यंत. पण यंत्राचा आवाज ऐकून त्याच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचा. मग फ्रिज दुरुस्त करायला लागला, आणि शहरात एसीच्या गाड्या आल्या तेव्हा साळवी स्टॉपजवळ पत्र्याची शेड टाकून 'धोंडू कूलिंग' असा बोर्ड लावला. ज्या दिवशी शेड उभी राहिली त्या दिवशी त्याच्या बायकोने, येसूबाईने, शेडच्या कोपऱ्यात माहेरहून आणलेला माड लावला. दोघांना मूलबाळ नाही. माड मोठा झाला, त्याला नारळ धरायला लागले, आणि येसूबाईने रिवाजच पाडला. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी निघताना त्या माडाचा नारळ चाकापुढे फोडायचा, हात जोडून देवाला दोन शब्द सांगायचे, मग गाडी हलायची. गिऱ्हाइकाला कितीही घाई असो. एकदा एका फौजदाराला तिने असं पाच मिनिटं थांबवलेलं मी पाहिलंय.

धोंडूची कामाची रीत वेगळीच. मीटर नाही, गॅसचा दाब दाखवणारी घड्याळं नाहीत. एसीचे पाइप मुठीत धरून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हितं गार हाय, हितं कोमट हाय." मग एक गोष्ट उघडायच्या ऐवजी सगळंच उघडायचा. पाइप, पट्टा, वायरी, जोड, सगळं सुटं करून प्रत्येकावर तोंडाने फुंकर मारायची, कपड्याने पुसायचं आणि परत बसवायचं. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. म्हटलं, मन लावून काम करतो माणूस.

त्या पहिल्या खेपेला गॅस गळत होता. साबणाचा फेस लावून त्याने गळती पकडली, गॅस भरला, एसी गार. येसूबाई नारळ घेऊन आली. मला म्हणाली, "आप्पा, ह्यात वारा खयनं जातो?"

मी धोंडूकडे बघितलं. त्याने बॉनेट आणि पुढची काच यांच्या मधली जाळी दाखवली. "हितनं."

"मंग आजार वाऱ्याचा हाय तर देवाचं पाणी पण हितंच व्हया," असं म्हणून तिने नारळ चाकापुढे फोडला खरा, पण पाणी वाटीत धरून सगळं त्या जाळीवर ओतलं. अगदी सावकाश, अभिषेक केल्यासारखं. आम्ही तिघांनी हात जोडले. आनंदी त्या दिवशी गोळपचा सडा काचा लावून, नाकाला पदर न लावता, हसत पार झाली.

तीन दिवस गार. चौथ्या दिवशी गरम वारा.

गेलो परत. धोंडूने सगळं उघडलं, फुंकलं, बसवलं. म्हणाला, "पट्टा ढिला व्हता." नारळ, पाणी, नमस्कार. तीन दिवस गार, चौथ्या दिवशी गरम. तिसऱ्यांदा म्हणाला, "आत कचरा अडकलेला." परत तेच. मग पावसाळा आला, एसीची गरज संपली, मी विसरलो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा लावला तर गरम. पुन्हा धोंडू, पुन्हा नारळ, पुन्हा चौथा दिवस.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. दोन खुणा सापडल्या की तिसरी कुठे असणार ते मी सांगू शकतो. पण या एसीची एक खूण सापडेल तर शपथ! एकदा मला वाटलं, भाट्याच्या पुलावर खाऱ्या वाऱ्याने बिघडतो. म्हणून तीन दिवस पुलावरून गेलोच नाही, तरी बिघडला. एकदा वाटलं, आनंदी मागे बसली की बिघडतो. तिला पुढे बसवलं, तरी बिघडला, वर तिचं बोलणं ऐकलं ते वेगळंच. शेजारचा विठू म्हणाला, "आप्पा, गाडी उत्तरेला तोंड करून लावा." लावली हो! शिकलेला माणूस मी, आठवडाभर रोज संध्याकाळी होकायंत्र घेऊन जीप लावत होतो. डोक्याचा पार भुगा झाला. धोंडूकडे असताना दिवसभर गार, माझ्याकडे आली की चौथ्या दिवशी माती खाते. हा काय प्रकार आहे ते मला समजेना, धोंडूला समजेना. तो नुसता पाइप मुठीत धरून उभा राहायचा. पूर्वी डोळे मिटायचा, आता उघडे ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत सहाव्यांदा बिघडला. त्या दिवशी आनंदीला सड्यावर अशी काही उबळ आली की मला गाडी थांबवून तिची पाठ चोळत बसावं लागलं. तिला दवाखान्यात सोडलं, पेट्रोल भरायला गेलो, आणि समोर धोंडू. दोन रिक्षावाले, एक टेम्पोवाला, पंपावरची माणसं. मी जे बोललो ते वर सांगितलंच आहे. त्याच्यापेक्षाही जास्त बोललो, ते सांगत नाही. धोंडूने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि चालत गेला.

रत्नागिरी लहान आहे. पंपावरचं बोलणं संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं. धोंडूचा हात गेला, एकच जीप सहा वेळा परत आली, आप्पांनी त्याला धू धू धुतला, असं मलाच एकाने भाजी घेताना सांगितलं. दोन आठवड्यांनी गेलो तर शेडमध्ये एकही गाडी नाही. येसूबाई माडाखाली बसून केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत होती. नेहमी चहा विचारणारी बाई, तिने मान वर केली नाही.

धोंडू म्हणाला, "आप्पा, शिमगा झाला की मी मुंबईला चाललो. येसूच्या भावाने हॉटेलात काम बघितलंय, एसीच्या यंत्रावर. खोलीत चौघं राहतात, पाचवा मी. येसू ऱ्हाईल देवरूखला, भावजयीपाशी."

"अरे, पण एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी कसां? मला समजत नाय ना काय बिघडतंय! बारा वर्षं बर्फात काढली. यंत्र माझ्याशी बोलायचं. आता नाय बोलत. तुमी म्हणालात ता खरांच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशीला आलेला माणूस, लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, आणि नवरा-बायको दोन ठिकाणी राहणार. कशाने, तर माझ्या तोंडाने. मी म्हटलं, "धोंडू, शेवटचं एकदा बघ. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी बघ."

तो जीपभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "ठेवून जावा. पण हे शेवटचं. परत बिघडली तर शिमग्याला गावच्या देवाची पालखी नाचवतो आणि निघतो."

जीप तयार झाली त्या दिवशी येसूबाई देवरूखला गेली होती, सामान कुठे ठेवायचं ते बघायला. नारळ कोणी फोडला नाही. धोंडूने किल्ली दिली आणि तोंड फिरवलं.

चौथा दिवस उजाडला तेव्हा मी सकाळपासून देव्हाऱ्यापुढे होतो, म्हणजे समजा. बटण दाबलं. गार! पाचव्या दिवशी गार. आठव्या दिवशी गार. मी आनंदीला उगाच हेदवीच्या गणपतीला फिरवून आणलं, सबंध वाट काचा बंद. अकराव्या दिवशी मी ठरवलं की धोंडूकडे जाऊन त्याच्या पाया पडायचं, वयाने लहान असला तरी. आणि त्याच दुपारी आमच्या अंगणात एसटीतून उतरून येसूबाई आली. पिशवीत नारळ.

"अकरा दिवस झाले ना आप्पा? मीच नव्हते, म्हणून नारळ ऱ्हायला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "देवाचं ऱ्हायलं तर परत बिघाड व्हईल. ह्यांनी जाऊ नये म्हणून मी सगळं करतंय बघा. ह्या गाडीवरच आमचं सगळं हाय."

तिने आमच्या पायरीवर नारळ फोडला. पाणी वाटीत घेतलं, जाळीवर ओतलं, बॉनेटला डोकं टेकलं आणि तशीच बराच वेळ उभी राहिली. आनंदीने तिला लाडू दिला, पोटाशी धरलं. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर चौथ्या दिवशी गरम वारा.

मी अंगणात खाली बसलो. शिमग्याला पाच दिवस राहिले होते. म्हटलं, आता धोंडूला कुठल्या तोंडाने सांगायचं? जीपच्या चाकाला लाथ मारायला उठलो आणि पाय तसाच राहिला. चाकावरून मुंग्यांची रांग चालली होती. अंगणाच्या गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या, दगडातून निघालेली, चाकावर, तिथून बॉनेटवर, आणि सरळ त्या जाळीत. जन्मभर हद्दी मोजलेला मी. रांग दिसली की शेवट कुठे, ते बघितल्याशिवाय राहवत नाही. जाळीला बोट लावलं. चिकट. तरीसुद्धा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही, हे कबूल करतो. मला वाटलं, आंब्याच्या पेट्या टाकतो मागे, त्याच्या मुंग्या असतील. पण जाळीत काय आहे त्यांना? भर दुपारी, गरम वाऱ्यात घामाने निथळत जीप साळवी स्टॉपला नेली.

शेडमध्ये धोंडू हत्यारं पोत्यात भरत होता. बाहेर माडाच्या सावलीत ते पंपावरचेच दोन रिक्षावाले बसले होते. मी धोंडूला म्हटलं, "या वेळी सगळं उघडू नकोस. फुंकर मारू नकोस. फक्त या मुंग्या कुठे जातात ते बघ."

त्याने जाळी काढली. खाली पत्र्याला काड्यापेटीएवढी काळी डबी लावलेली होती. तिला रिले म्हणतात. आत दोन बारीक टोकं असतात. आपण बटण दाबलं की ती एकमेकांना टेकतात आणि कॉम्प्रेसरला वीज जाते. डबीचं झाकण तडकलेलं होतं. धोंडूने ते अलगद उघडलं. आत मुंग्यांचा लगदा. टोकांच्या मधे मेलेल्या मुंग्या चिकटून बसल्या होत्या, मग ती टोकं टेकणार कशी?

धोंडूने बोटाला लागलेला चिकटा जिभेवर लावला आणि माझ्याकडे बघितलं. नारळाच्या पाण्याचा चिकटा होता तो. वारा जातो तिथे देवाचं पाणी. गोड पाणी झिरपून डबीत, त्याला तीन दिवसांत मुंग्या, आणि चौथ्या दिवशी एसी बंद. दर खेपेला हा सगळं सुटं करून फुंकर मारायचा, तेव्हा मुंग्याही उडून जायच्या आणि एसी चालू व्हायचा. त्याला वाटायचं पट्ट्याने चालला, कचरा काढला म्हणून चालला. आणि चालला की लगेच नारळ!

वर्षभराचं कोडं सुटलं म्हणून मला इतका आनंद झाला की तोंडाचा पट्टा सुटलाच. "अरे लेका! म्हणजे तुझ्या..."

धोंडूने माझं मनगट धरलं. पाइप पकडतो तसं, घट्ट. मागे येसूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचा चेहरा असा झाला होता, जणू आता शेवटचा निकालच ऐकायचा आहे.

"काय गावलं?" तिने विचारलं.

"मुंग्या," धोंडू म्हणाला.

"मुंग्या? आन् त्या कशाने आल्या?"

धोंडू रिलेकडे बघत राहिला. या बाईने वर्षभर नवऱ्यासाठी ओतलेल्या पाण्यानेच नवऱ्याचं दुकान बुडत होतं. हे तिला कोणी सांगायचं? आणि सांगून ती उरलेला जन्म त्या माडाकडे कशी बघेल? धोंडूने माझ्याकडे मान वळवली. तो काही मागत नव्हता. पण मला दिसलं, माझंच देणं आहे हे.

"माझ्यामुळे आल्या, येसूबाई," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्याने, रिक्षावाल्यांना ऐकू जाईल असं. "आंब्याच्या पेट्या टाकतो ना मी गाडीत! पिकलेल्या आंब्याचा रस सगळीकडे. वर्षभर माझ्याच मुंग्या, आणि शिव्या खाल्ल्या तुमच्या नवऱ्याने. चूक माझी. धोंडूचा हात सोन्याचा आहे, गाढव मी आहे."

"आवो, असं काय बोलता," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. तांब्यातलं पाणी अर्धं सांडलं. मग ती पदर तोंडाशी धरून ढसाढसा रडायला लागली. धोंडू तिच्याजवळ गेला नाही. पोत्यातली हत्यारं काढून एकेक परत भिंतीला लावत राहिला.

त्याने त्याच दिवशी रिले तिथून काढला आणि आत, डॅशबोर्डच्या खाली, कोरड्या जागी बसवला. मी दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावर गेलो. टाकी भरलेली होती, तरी गेलो. जितक्या मोठ्याने तेव्हा बोललो होतो तितक्याच मोठ्याने माझ्या गाढवपणाची गोष्ट सांगितली. लोक हसले. हसू देत. शिमग्याला धोंडू गावाला गेला, पालखी नाचवली आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन शेड उघडली. मुंबईच्या खोलीत पाचवा दुसराच कोणीतरी गेला असेल.

याला सहा वर्षं झाली. एसी अजून गार आहे, आनंदी अजून सडा हसत पार करते. दर वर्षी शिमगा झाला की मी जीप तपासायला धोंडूकडे नेतो. तपासण्यासारखं काही नसतं. यंदाही गेलो. येसूबाई आता थकली आहे, पण नारळ तिनेच फोडला.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्याच गाडीने ह्यांना मुंबईला जाऊ दिलां नाय बघा. सहा वेळा देवाने परीक्षा बघितली, पण माझा नारळ मी सोडला नाय."

"म्हणून तर झालं, येसूबाई," मी म्हटलं.

तिने वाटीतलं पाणी जाळीवर ओतलं, सावकाश, सगळं. सवयीने माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, म्हटलं पटकन पुसून घेऊ. बॉनेटच्या पलीकडून धोंडूने हात लांब केला आणि माझं मनगट धरून ठेवलं, तिचा नमस्कार होईपर्यंत.